दुरुस्तीचे मोल : महाराष्ट्रातील स्थानिक संगणकसेवेचा प्रवास

महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी पतसंस्था, रक्ततपासणीची प्रयोगशाळा, खतबियाण्यांचे दुकान, सेतू केंद्र, शाळेचे कार्यालय आणि करसल्लागाराची कचेरी यांचा दिवस आज संगणकावर चालतो. परंतु त्यांपैकी बहुतेकांकडे संगणकाची देखभाल करणारा स्वतंत्र कर्मचारी नसतो. मोठ्या कंपनीत ज्या कामासाठी एक संपूर्ण विभाग राबतो, ते काम येथे बाजारपेठेतला एखादा दुकानदार आणि त्याच्या हाताखालची दोन-तीन मुले सांभाळतात. यंत्र विकणे, जोडून देणे, बिघडल्यास दुरुस्त करणे, अनेक यंत्रे एकमेकांना जोडणारे नेटवर्क टाकणे, प्रिंटरची शाई भरणे, विंडोज नव्याने बसवणे आणि फोनवरून अडचण सोडवणे, अशा परस्परांहून भिन्न कामांचा हा एकत्रित व्यवसाय आहे. माहिती तंत्रज्ञान म्हटले की हिंजवडीच्या आणि ऐरोलीच्या इमारती नजरेसमोर येतात, त्यामुळे या व्यवसायाची दखल क्वचितच घेतली जाते. त्याच्या चार दशकांच्या वाटचालीत एक विसंगती मात्र सातत्याने वाढत गेलेली दिसते: जोखीम यंत्राकडून यंत्रातील माहितीकडे सरकली, आणि मोबदल्याची रीत सुट्या भागाच्या किमतीलाच बांधलेली राहिली.

सुट्या भागांचा काळ

या विसंगतीचे मूळ यंत्राच्या रचनेतच आहे. आयबीएम कंपनीने ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आणलेला वैयक्तिक संगणक बाहेरच्या उत्पादकांकडून घेतलेल्या भागांचा बनलेला होता आणि त्याचा तांत्रिक तपशील कंपनीने प्रसिद्ध केला होता. परिणामी त्याच धर्तीची, एकमेकांचे भाग स्वीकारणारी यंत्रे इतरांनाही बनवता आली. भारतात नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयात आणि उत्पादनावरील बंधने सैल केली. पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान कराराशी भारत १९९७ मध्ये जोडला गेला आणि त्यानुसार २००५ पर्यंत संगणक व त्याच्या भागांवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आले. मुंबईच्या ग्रँट रोड परिसरातील लॅमिंग्टन रस्ता, ज्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, या काळात सुट्या भागांची राज्यातील मोठी बाजारपेठ ठरला.

तेथून आणलेला मदरबोर्ड, म्हणजे सर्व भागांना जोडणारी मुख्य पाटी, प्रोसेसर, मेमरी, हार्ड डिस्क आणि वीजपुरवठ्याचा डबा पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये बसवून जो ‘असेंबल्ड’ संगणक तयार होई, तो नामांकित कंपनीच्या यंत्रापेक्षा स्वस्त पडे. भागाची हमी वितरक देत असे, परंतु पूर्ण यंत्राची हमी कोणीच देत नसे. ती पोकळी स्थानिक दुकानदाराने आपल्या शब्दाने भरून काढली. नफा भागांच्या विक्रीत, म्हणून जोडणी मोफत, पहिल्या वर्षीची सेवा मोफत आणि ‘नुसते बघायचे’ काहीच पैसे नाहीत, असा रिवाज पडला. निदान हे स्वतंत्र कौशल्य असून त्यालाही किंमत असते, ही गोष्ट ग्राहकाच्या मनात रुजण्यापूर्वीच ते फुकट मिळण्याची सवय रुजली.

पुण्यात या व्यवसायाला मराठी छपाईची खास जोड मिळाली. संगणकावर मजकूर जुळवून पाने रचणारी डीटीपी केंद्रे शहराच्या पेठांतून उभी राहिली, तेव्हा देवनागरीसाठी सर्वमान्य संकेतप्रणाली व्यवहारात रुळलेली नव्हती. संकेतप्रणाली म्हणजे प्रत्येक अक्षराला यंत्राने ओळखायचा एक क्रमांक ठरवून देण्याची पद्धत. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले असले, तरी १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकची ‘आयएसएम’ प्रणाली आणि मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’ यांच्या फाँटांमधील क्रमांक वेगवेगळे असत. त्यामुळे हार्ड डिस्क पुसून विंडोज पुन्हा बसवताना, ज्याला बाजारात ‘फॉरमॅट मारणे’ म्हणतात, नेमका तोच फाँट परत बसवला नाही, तर जपून ठेवलेला मजकूर पडद्यावर निरर्थक चिन्हांच्या रूपात उमटे. त्या प्रणालीचा परवाना डोंगल नावाच्या छोट्या जोडणीत असे, आणि ते बिघडले किंवा हरवले की धडधाकट यंत्रही बसून राही. दिवाळी अंकांच्या हंगामात अशा केंद्राचा एक दिवस बुडणे म्हणजे छापखान्याचे वेळापत्रक कोसळणे होते. म्हणून डीटीपी केंद्रांची सेवा करणाऱ्या तंत्रज्ञाला विद्युत परिपथाइतकीच मराठी फाँटांचीही जाण ठेवावी लागे. विंडोज २००० पासून युनिकोड या सामाईक संकेतप्रणालीतील देवनागरीचा अंतर्भाव झाला, तरी जुन्या फाँटांतील मजकुराचे रूपांतर करण्याचे काम या दुकानांकडे दीर्घकाळ येत राहिले.

भाग शाबूत, यंत्र बंद

कोणताही भाग न बिघडता यंत्र निकामी होऊ शकते, हे दुरुस्ती व्यवसायाला संगणक विषाणूंनी शिकवले. विषाणू म्हणजे वापरणाऱ्याच्या नकळत स्वतःच्या प्रती काढत पसरणारा प्रोग्राम. आयबीएम धर्तीच्या संगणकांवर पसरलेला पहिला विषाणू मानला जाणारा ‘ब्रेन’ १९८६ मध्ये लाहोरमध्ये संगणकाचा व्यवसाय करणाऱ्या दोन भावांनी लिहिला होता आणि त्यात त्यांच्या दुकानाचा पत्ताही होता. ६ मार्च या तारखेला जागा होणाऱ्या ‘मायकेलँजेलो’ विषाणूची १९९२ मध्ये जगभर धास्ती घेतली गेली.

याच सुमारास पुण्यातील एका दुरुस्ती दुकानातून मराठी उद्योजकतेचे एक ठळक उदाहरण घडले. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर यांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून स्वतःचे दुकान थाटले आणि संगणकांच्या देखभालीकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांतील विषाणू काढण्यासाठी संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे बंधू संजय यांनी छोटे प्रोग्राम लिहिले. त्यातून कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेसचे ‘क्विक हील’ हे विषाणूरोधक सॉफ्टवेअर १९९५ मध्ये आकाराला आले. कंपनीने २००७ मध्ये तेच नाव धारण केले आणि २०१६ मध्ये तिचे समभाग बाजारात आले. या उदाहरणाचे महत्त्व यशोगाथेपेक्षा त्यातील कार्यकारणभावात आहे. एकच दुखणे रोज वेगवेगळ्या यंत्रांत पाहणाऱ्यालाच त्याचा सर्वसाधारण उपाय सुचू शकतो, आणि तो उपाय सॉफ्टवेअरच्या रूपात विकता आला, तर दुरुस्तीच्या ज्ञानाला भागाच्या किमतीपासून सुटका मिळते. दुरुस्तीच्या दुकानांना विषाणूरोधकाच्या वार्षिक नूतनीकरणातून खात्रीचे उत्पन्न मिळू लागले, तेही याच मार्गाने.

२६ एप्रिल १९९९ रोजी जागा झालेल्या ‘सीआयएच’ विषाणूने यंत्र आणि माहिती यांतील सीमारेषाच पुसली. त्याने हार्ड डिस्कवरील मजकूर तर नष्ट केलाच, पण काही यंत्रांत बायोस, म्हणजे संगणक सुरू होताना प्रथम चालणारा प्रोग्राम, ज्या चिपमध्ये असतो तिच्यावरही लेखन केले. अशा यंत्राचा पडदा काळाच राही, आणि ती चिप काढून तिच्यात प्रोग्राम पुन्हा भरणे किंवा ती बदलणे एवढाच मार्ग उरे.

निदानाची रीत

अनुभवी तंत्रज्ञाचे निदान बहुधा विजेपासून सुरू होते. भिंतीतील वीज प्रत्यावर्ती आणि सुमारे २३० व्होल्टची असते, तर संगणकाच्या भागांना १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा एकदिश पुरवठा लागतो. हे रूपांतर करणारा डबा एसएमपीएस या नावाने ओळखला जातो. अर्थिंग, म्हणजे गळती झालेल्या विजेला जमिनीत जाण्यासाठी दिलेली वाट, नीट नसलेल्या जुन्या वाड्यांतील कचेऱ्यांत कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात, आणि वारंवार बंद पडणाऱ्या यंत्राचे दुखणे अनेकदा भिंतीतल्या तारांत निघते. या शतकाच्या पहिल्या दशकात भारनियमनाने ग्रामीण महाराष्ट्राला ग्रासले होते, तेव्हा यूपीएस हे यंत्राइतकेच आवश्यक साधन बनले. त्यातील १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची शिसे-आम्लाची बॅटरी काही वर्षांत क्षीण होत असल्याने ती बदलणे हे या व्यवसायाचे नित्याचे काम झाले. कोकणात दमट आणि खारट हवेने धातूचे संपर्क गंजतात, सूत गिरण्यांत पंख्यांवर तंतूंचा थर बसतो, आणि गोदामांतील नेटवर्कच्या तारा उंदीर कुरतडतात; म्हणून प्रदेश बदलला की दुखण्यांचा क्रमही बदलतो.

काही उपाय बाहेरून क्षुल्लक भासतात. यंत्र सुरू न होता ठरावीक अंतराने बीप वाजवत राहिले, तर मेमरीची पट्टी काढून तिच्या सोनेरी संपर्कांवर खोडरबर फिरवण्याची पद्धत देशभर रूढ आहे; संपर्कांवर साचलेला मळ त्याने निघतो आणि विद्युत जोडणी पूर्ववत होते. मदरबोर्डवरील नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल संपला की यंत्राचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळांची ओळख पटवणारी प्रमाणपत्रे विशिष्ट मुदतीपुरती वैध असतात, त्यामुळे चुकीची तारीख दाखवणारे यंत्र त्यांना अवैध ठरवते. मग बँकेचे संकेतस्थळ उघडत नाही, वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र भरता येत नाही, आणि ग्राहक इंटरनेट कंपनीकडे तक्रार करत राहतो. सेल काही रुपयांचा असतो आणि तो बदलायला मिनिटभर लागते, परंतु कारणांची ही साखळी ओळखण्यासाठी लागलेल्या वर्षांची नोंद बिलात कोठेच होत नाही.

दुरुस्तीचे दोन स्तर बाजार स्वतःच मानतो. संपूर्ण भाग काढून नवा बसवणे ही ‘कार्ड लेव्हल’ दुरुस्ती, तर बोर्डावरील नेमका घटक मल्टिमीटरने हुडकून गरम हवेच्या यंत्राने तो उतरवणे आणि दुसरा डाखणे ही ‘चिप लेव्हल’ दुरुस्ती. तालुक्याचे दुकान पहिल्या स्तरावर थांबते आणि बोर्ड जिल्ह्याच्या किंवा मुंबई-पुण्याच्या कारागिराकडे पाठवते, त्यामुळे या व्यवसायाला श्रेणीबद्ध जाळ्याचे रूप आले आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत संगणक हार्डवेअर व नेटवर्क देखभालीचा अभ्यासक्रम असला, तरी चिप लेव्हलचे कसब प्रामुख्याने उस्तादाच्या हाताखालीच शिकले जाते. नव्या लॅपटॉपमध्ये मेमरी अनेकदा बोर्डावर कायमची डाखलेली असते. तीत बिघाड झाल्यास पट्टी बदलण्याचा सोपा मार्ग उरत नाही आणि या कसबाची गरज वाढते. याउलट फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कऐवजी हलणारा कोणताही भाग नसलेली एसएसडी बसवली, तर आठ-दहा वर्षांचे यंत्रही कामचलाऊ वेग पकडते, आणि छोट्या कचेरीचा नव्या खरेदीचा खर्च काही वर्षे पुढे ढकलला जातो.

करार आणि कचेरी

कचेऱ्यांशी असलेले नाते वार्षिक देखभाल कराराने, म्हणजे एएमसीने, बांधलेले असते. ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ करारात बदललेल्या भागांची किंमत समाविष्ट असते, तर ‘नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह’ करारात फक्त श्रम आणि फेऱ्या येतात. यंत्रामागे ठरावीक रक्कम घेऊन केलेल्या अशा करारांत कोणते भाग वगळले, किती तासांत माणूस येणार, दुरुस्तीच्या काळात ‘स्टँडबाय’, म्हणजे बदली यंत्र, मिळणार का, हे मुद्दे लिहिलेले असतात. माहिती गेली तर जबाबदारी कोणाची, हा मुद्दा मात्र अनेकदा निसटतो. कॉलची गर्दी कचेरीच्या पंचांगानुसार वाढते: ११ आणि २० तारखेच्या आसपास वस्तू व सेवा कराच्या मुदती, जुलैत प्राप्तिकर, मार्चअखेरीस पतसंस्थांचे हिशेब, जूनमध्ये शाळाप्रवेश आणि दाखल्यांसाठी सेवा केंद्रांवरील रांगा.

या कॉलमधील बराच भाग आता यंत्रापलीकडचा असतो. बोटाचे ठसे घेणारे उपकरण विंडोजच्या नव्या आवृत्तीत ओळखले जात नाही, कारण उपकरण आणि प्रणाली यांच्यात दुभाष्याचे काम करणारा ड्रायव्हर जुना असतो. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन ब्राउझर बदलल्यावर चालत नाही. टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामची माहिती ज्या यंत्रावर असते त्याचा नेटवर्कवरील पत्ता बदलला, तर शेजारच्या टेबलावरचे यंत्र ती उघडू शकत नाही. अशा अडचणी तंत्रज्ञ दुकानात बसून, दूरस्थ नियंत्रणाच्या प्रोग्रामने ग्राहकाचा पडदा पाहत सोडवतो. भाग विकला जात नाही आणि फेरीही होत नाही, म्हणून या कामाचे बिल करणे दुकानदाराला अवघड वाटते, आणि ग्राहकालाही ‘फोनवर तर सांगितले’ एवढ्यासाठी पैसे देणे पटत नाही. दूरस्थ नियंत्रणाची हीच साधने फसवणुकीसाठीही वापरली जातात. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘एनीडेस्क’च्या अशा गैरवापराबाबत बँकांना सावध केले होते. अनोळखी फोनवरील ‘सपोर्ट’वाला खरा की खोटा, हे विचारण्यासाठीही लोक अखेर ओळखीच्या दुकानदारालाच फोन लावतात.

जोखमीचे स्थलांतर

मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ आणि जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या हल्ल्यांनी जगभरातील संगणकांतील माहिती कुलूपबंद केली. दुसऱ्या हल्ल्यात मर्स्क समूहाच्या यंत्रणा ठप्प झाल्याने उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाजही विस्कळीत झाले. खंडणीसाठी माहिती कुलूपबंद करणाऱ्या अशा प्रोग्रामला रॅन्समवेअर म्हणतात, आणि त्याची शिकार होण्यास दुकान लहान असण्याची आडकाठी येत नाही. बिनपरवाना सॉफ्टवेअर चालवण्यासाठी बसवले जाणारे ‘क्रॅक’ हे त्याच्या शिरकावाचे एक सोपे दार आहे. स्वस्त यंत्राच्या मोहापायी ग्राहकाने ते मागायचे आणि दुकानदाराने निमूटपणे बसवून द्यायचे, ही जुनी तडजोड दोघांनाही महागात पडू शकते, कारण बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा स्वामित्व हक्क कायद्याच्या कलम ६३ब खाली गुन्हा आहे.

रॅन्समवेअरवरचा उपाय असलेला बॅकअप, म्हणजे माहितीची वेगळी ठेवलेली प्रत, सर्वांना ऐकून माहीत असतो; परंतु त्याच यंत्राला कायम जोडून ठेवलेल्या डिस्कवरील प्रतही रॅन्समवेअर कुलूपबंद करते, आणि ज्या प्रतीतून माहिती परत मिळवून कधी पाहिलेलीच नाही तिचा भरवसा धरता येत नाही. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक कचेरीबाहेर, हा सर्वमान्य नियम पाळायला फार खर्च येत नाही. त्यासाठी लागते ती कोणाची तरी नियमित जबाबदारी. नव्या विंडोजमध्ये बिटलॉकर ही माहिती सांकेतिक रूपात ठेवणारी सोय अनेक लॅपटॉपवर आपोआप सुरू होते. बोर्ड बदलल्यावर ती ४८ अंकी किल्ली मागते, आणि किल्ली कोठे जपली आहे हे मालकालाच ठाऊक नसेल, तर डिस्क सुस्थितीत असूनही तंत्रज्ञाचे सारे कसब तेथे संपते. पूर्वी बोर्ड गेला तरी माहिती सुरक्षित असे. आता बोर्ड दुरुस्त होऊनही माहिती गमावण्याची शक्यता उरते.

माहितीला केवळ नाशाचाच धोका असतो असे नाही. दुरुस्तीला दिलेल्या लॅपटॉपबरोबर पासवर्डही कागदावर लिहून दिला जातो, आणि त्यात कौटुंबिक छायाचित्रे, रुग्णांचे अहवाल, अशिलांची विवरणपत्रे असतात. सेवा देताना हाती आलेली व्यक्तिगत माहिती नुकसान करण्याच्या वा गैरलाभाच्या हेतूने, संमतीविना उघड केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७२अ तीन वर्षांपर्यंतची कैद सांगते. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने माहिती बाळगणाऱ्या संस्थेला, तिच्या वतीने माहिती हाताळणाऱ्या बाहेरच्या सेवादात्याच्या कृतीबाबतही जबाबदार धरले असून अशा सेवादात्याशी वैध करार असण्याची अपेक्षा ठेवली आहे. रुग्णालयाच्या संगणकांची प्रत आपल्या दुकानात ठेवणारा दुकानदार या चौकटीपासून दूर राहू शकेल, असे मानणे धाडसाचे ठरेल.

मोबदल्याचा प्रश्न

यंत्रे टिकाऊ होत गेली, ऑनलाइन विक्रीने भागांवरील नफा घटला, आणि स्थानिक सेवेची गरज संपेल असे भाकीत अनेकदा केले गेले. १९ जुलै २०२४ च्या घटनेने त्याची मर्यादा दाखवली. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणाने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली आणि भारतातील काही विमानतळांवर प्रवेशपत्रे हाताने लिहून द्यावी लागली. दोष दूरवरून पसरला होता, पण बहुसंख्य यंत्रांपाशी कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन, ती सेफ मोडमध्ये सुरू करून एक फाइल काढल्याशिवाय ती पूर्ववत झाली नाहीत. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित सुरक्षा साहाय्य थांबवले, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा व ठरावीक पिढीचा प्रोसेसर लागत असल्याने अनेक सुस्थितीतील यंत्रे अधिकृतपणे अपात्र ठरली. त्यांपैकी कोणती मुक्त प्रणालीवर चालवावी, कोणती इंटरनेटपासून तोडून वापरावी आणि कोणती ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे द्यावी, हा निर्णय प्रत्येक कचेरीच्या कामावर अवलंबून असतो, आणि तो घेण्यास साहाय्य करणारा माणूस बहुतेकदा तोच दुकानदार असतो. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. उत्पादकांनी सुटे भाग व माहितीपुस्तिका खुल्या केल्या तरच तो हक्क स्थानिक कारागिरापर्यंत पोहोचेल.

तरीही या व्यवसायाचे भवितव्य कायद्याइतकेच त्याच्या बिलावर अवलंबून आहे. निदान, भाग, श्रम आणि माहितीची जबाबदारी या चार गोष्टींचे आकार वेगळे दाखवले, यंत्र घेतेवेळी जॉब शीटवर माहितीची प्रत आहे की नाही हे लिहून ग्राहकाची सही घेतली, आणि वार्षिक करारात बॅकअपची ठरावीक काळाने चाचणी व गोपनीयता ही दोन कलमे घातली, तर ग्राहकाला आपण कशाचे पैसे देतो ते कळते आणि दुकानदाराला न स्वीकारलेल्या जोखमीचा भार वाहावा लागत नाही. यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही; ‘नुसते बघायचे काय घ्यायचे’ हा संकोच दुकानदाराने आणि ‘एवढ्याशा कामाचे पैसे कसले’ हा ग्रह ग्राहकाने सोडावा लागतो. ज्या पतसंस्थेच्या संगणकात शेकडो ठेवीदारांचे हिशेब आहेत, तिने ते सांभाळणाऱ्याची पात्रता केवळ भागाच्या दरपत्रकावरून ठरवणे हा तिच्या ताळेबंदात न दिसणारा सर्वांत मोठा धोका आहे.